गोटा कोणाचा

२१ ऑगस्ट १९८६
हेमंत सर म्हणाले, राजेरजवाडे पुरे. गावातली एक घटना घ्या, ज्यांनी पाहिली त्यांना विचारा. मी लगेच हात वर केला — बासष्टची गोटमार. सर नागपूरचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा अन् सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. त्या वर्षी ह्यांचा डावा डोळा गेला. लग्नाआधीची गोष्ट. गोटा कोणाचा, ते मी शोधणार. वर्गातल्या पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. का बरं?

२३ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता हात थांबला. "कोणाचा गोटा हे इचारत नसतात. नदी सोडली की संपलं. तू सावरगावची, तुले माहीत नाही का?" माहीत आहे. पण तेवढ्यासाठी ताट सारायचं?

२६ ऑगस्ट
शेजारच्या शांताबाईंना सगळ्या गावाची खबर असते. मला पाहून "दूध उतू जाऊन राहिलं" म्हणत आत गेल्या. चूल थंडगार होती, मी पाहिलं ना.
ह्यांनीच सांगून ठेवलंय. एक्केचाळिसाव्या वर्षी बायको कॉलेजात जाते, ते खुपतं. तोंडाने नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून हे धंदे.

२८ ऑगस्ट
सासूबाई: "शिकून का करतं वो आता?" चला, एकीने तरी तोंड उघडलं.

३१ ऑगस्ट
माहेरी सावरगावला गेले. बाबा असते तर पटकन सांगितलं असतं. आई म्हणते, "पुंडलिकरावसारखा माणूस भेटला, अन् तू त्याचंच उकरून राहिली. घरी जाय." म्हणजे माझ्या सख्ख्या आईलाही ह्यांनी फितवलं! फार संताप आला. आता तर सोडतच नाही.

६ सप्टेंबर
गोटमार झाली. हे काठावर गेलेच नाहीत. आज सकाळी मी सरळ भांडले — माझं शिक्षण डोळ्यात सलतं, कबूल करा.
हे म्हणाले, "शिक ना. कोण अडवून राहिलं? तुह्या बाबाचा गोटा होता. दुसऱ्या दिवशी स्वतः आले होते घरी. काण्या पोराले कोण पोरगी देईन म्हणून माय रडून राहिली होती. त्यायनं तिथंच तुले देऊन टाकलं."
मॅट्रिकच्या वर्षाला होते मी. मला कोणी विचारलं नाही.