खांद्याचं ऑपरेशन

आई,

गंगेवर गोधड्या धुतल्या की आपण दोघी दोन टोकं धरून त्या पिळायचो. तू असा पीळ घालायचीस की माझ्या हातातलं टोक सुटायचं. "कॉन्व्हेंटात प्रार्थना शिकवतात, गोधडी धरायला नाही शिकवत वाटतं," तू म्हणायचीस, आणि घाटावरच्या बायका हसायच्या. तेवढे बळकट दंड मी पुन्हा कुणाचे पाहिले नाहीत.

त्र्याहत्तर साली कॅन्सरमुळे तुझी डावी छाती काढली. घरी आणल्यावर शेजारणी विचारू लागल्या, "काय गं, कसलं ऑपरेशन?" तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "खांद्याचं." एकदा खांदा म्हटल्यावर हात गळ्यात अडकवायला हवा, म्हणून माझ्याच जुन्या ओढणीची झोळी तुला बांधली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, भिंतीवर रोज बोटं मुंगीसारखी वर चढवायची, हात मोकळा ठेवायचा. मी मान डोलावली होती. पण आपलं दार गॅलरीत उघडायचं, आणि समोरच्या काकू येता-जाता दटावायच्या, "अहो, खांदा हलवू नका हो!" त्यांना मी काय सांगणार होते? नर्सबाईंचं बोलणं मी तुला सांगितलंच नाही. तू कणकेच्या परातीकडे हात नेलास की मी परात ओढून घ्यायचे. एकदा तू चिडलीस. "मेलेय का मी? मळू दे की!" "आई, तू नुसती बस बघू." तू बसलीस. दिवाळीपर्यंत हात सुजला, खांद्याच्या वर जाईनासा झाला. तुझे केस मी विंचरते आहे, ब्लाउजची हुकं मी लावते आहे. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहतेस. दोन वर्षांनी गेलीस. सगळे म्हणाले, दुखण्यानं नेलं. असेलही. पण ती दोन वर्षं तरी तू आपल्या हातानं वेणी घालून, उठून-बसून जगली असतीस का, हे आता कुणाला विचारू?

आता माझंही तेच ऑपरेशन झालंय. व्यायाम शिकवणारी मुलगी रागावते, "आजी, रडायचं तर रडा, पण हात वर न्या." रोज सकाळी मी भिंतीशी उभी राहते. बोटं कॅलेंडरच्या खालच्या कडेपर्यंत पोचतात, पुढे काखेत दोरी ओढल्यासारखं होतं. पण त्यानंतर तासभर बरं वाटतं, खरंच. चहाला चव लागते. दुपारी मात्र मन पुन्हा खाली बसतं. सून परात ओढून घेते, "राहू द्या आई, मी करते." मी देऊन टाकते. तुझ्यासारखं चिडणंही मला जमत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर घरच्यांसाठी लिहून ठेवते. शिलाई मशीन सुनेला. रेडिओ धाकट्या भावाला. पुढून उघडणारे सैल ब्लाउज दवाखान्यात द्यावेत, कुणा बाईला लागतील. मनमाडच्या लेकीला आईच्या पाटल्या द्याव्यात, आणि आम्हा दोघींना काय झालं होतं ते तिला खरं खरं सांगावं. मागच्या रविवारी ती येऊन गेली. मी तिलाही खांदाच सांगितला.