उलट्या विणीची खुर्ची

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय खुर्च्या विणणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ते ठिकाणावर नाही असं फक्त माझा धाकटा भाऊ म्हणतो, तेही मी त्याचं ऐकत नाही म्हणून.

१. राहती खोली व बँकेतली शिल्लक भावाला द्यावी. त्याने ती घ्यावी आणि गप्प बसावं.

२. वेत भिजवायचं घंगाळ, दाभणं, पकडी आणि आत्याची खुर्ची माझ्या भाचीला, म्हणजे याच भावाच्या मुलीला द्यावी.

३. खुर्चीबद्दल नीट लिहिते, कारण भांडण तिच्यावरूनच होणार. आत्या फर्निचरच्या कारखान्यात बैठका विणायची. जाताना खुर्ची तिने मला ठेवली. पण मी पोहोचेपर्यंत भावाने तिला हिरवा ऑइलपेंट फासून वर कुंडी ठेवली होती. मी रंग खरवडला, तर मागच्या पायावर एका नामांकित डिझायनरचा शिक्का निघाला. वेताची वीण मात्र उलटी, डावीकडे झुकलेली. कोणा अडाण्याची दुरुस्ती दिसते, असं म्हणून मी ती कापून काढली, सरळ विणली आणि वर स्वतःचीच पाठ थोपटली.

४. वर्षभराने कारखान्याचा जुना कॅटलॉग हाती लागला. त्यात या नमुन्याच्या पहिल्या खुर्चीचा फोटो: शिक्का तोच, वीण उलटी, शेजारी आत्या, दाभण डाव्या हातात. शाळेत त्याच हातावर छड्या खाल्लेली माझी आत्या! पुढच्या सगळ्या खुर्च्या कारखान्याने सरळ विणून घेतल्या. तिच्या डाव्या हातची ही एकच उरली होती, आणि ती वीण मी, तिची सख्खी भाची, कापून केरात टाकली. त्या दिवशी मी ढसाढसा रडले.

मग डाव्या हाताला विणायला शिकवलं. पाच महिने लागले, बोटं सोलली. भाऊ म्हणाला, "ताई, कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?" म्हटलं, "भाजते! तुझं काय जातंय?" वीण पुन्हा उलटी केली.

५. आता जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणतो, "बाई, गिऱ्हाइकाला सरळ वीण लागते. सरळ करणं म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ!" मेल्याला आपण काय बोललो ते कळलंसुद्धा नाही. भाऊही त्याच्याच बाजूचा. दोघांनाही लेखी कळवते: नाही म्हणजे नाही. ही वीण जो सरळ करेल, त्याचा खुर्चीवरचा हक्क त्या क्षणी संपेल.

खुर्ची काचेत ठेवू नये, रोज बसावं. वेत तुटला तर भाचीने डाव्या हाताने विणावा. ती उजव्या हाताची आहे. मीही होते.

६. खालची सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. भावाने तेवढ्यावरून कोर्टाची पायरी चढू नये. ती मी दोन्ही साक्षीदारांसमोर, पूर्ण शुद्धीत, मुद्दाम डाव्या हाताने केली आहे.

ठिकाण: माझी कामाची खोली
दिनांक: १४ मार्च २०१९

साक्षीदार:
शेजारची शिंपीण (सही)
खालच्या मजल्यावरचा कुलूपवाला (सही)

लिहून देणार:
(सही, वाकडी)