आधी पिकलेला शब्द

प्रिय मारिनेल्ला,

पत्र उघडल्या उघडल्या तू म्हणशील, बाबांनी पुन्हा एक शब्द उकरला. उकरलाय. तू तिकडे व्हॅलेन्सियाच्या दवाखान्यात काचेच्या पेटीपाशी बसली आहेस, आत दोन महिने आधी आलेलं तुझं पोर आहे, आणि इकडे व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी तुझा म्हातारा लॅटिनचा मास्तर जर्दाळूबद्दल लिहितोय. चिडायचं तर चीड, पण शेवटपर्यंत वाच. फोन तू घेत नाहीस आणि मला आज एका जागी बसवत नाहीये.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्या सासरी झालेलं भांडण आठवतं ना? मी जर्दाळूला आपल्या रीतीने 'आल्बिकोक्का' म्हणालो आणि विहीणबाई फणकारल्या, "आमचं 'आल्बारिकोके' उचलून नेलंत, मोडलंत, आणि वर मिरवताय?" मी म्हटलं, अंपारोबाई, शब्द मुळात आमच्या रोमचा. त्यावर त्या आपल्या गावच्या बोलीत एवढंच म्हणाल्या, "आल्बेर्कोक." मला वाटलं, समेट म्हणून जर्दाळू देतायत. मी हात पुढे केला. सगळे हसून हसून गडबडा लोळायचे बाकी राहिले, तेव्हा तू कानात सांगितलंस की त्या बोलीत जर्दाळू म्हणजे मठ्ठ माणूससुद्धा. तेव्हापासून आमचा अबोला.

तर आज बाजारात यंदाचे पहिले जर्दाळू आले. मी आपल्या पेर्कोका मागितल्या, वाइनमध्ये बुडवून खातो ते पिवळे पीच. फळवाली म्हणाली, "मास्तर, पेर्कोका कुठल्या एवढ्यात? हे आधी पिकणारं घ्या." आणि मी तिथेच थबकलो. अगं, रोमचे लोक जर्दाळूला हेच म्हणत. 'प्रेकोक्स', आधी पिकणारं. पीचच्या आधी येतं म्हणून. त्या शब्दाचं एक पोर घरीच राहिलं, झिजून पेर्कोका झालं आणि गंमत बघ, उशिरा येणाऱ्या फळाला जाऊन चिकटलं. दुसरं घर सोडून गेलं. ग्रीकांकडे ते आजही 'वेरीकोको' आहे. त्यांच्याकडून अरबांनी घेतलं आणि पुढे आपला 'अल' जोडला, 'अल-बर्कूक'. त्या 'अल'सकट ते समुद्र ओलांडून तुझ्या सासरी आलं. मग फ्रेंचांचं 'आब्रिको', जर्मनांचं 'आप्रिकोझे'. इंग्रजांना तर वाटलं, यात लॅटिनमधला 'आप्रिकुस', म्हणजे उन्हातला, असणार, म्हणून त्यांनी 'ब'चा 'प' करून 'एप्रिकॉट' करून टाकलं. बिचाऱ्यांना उन्हाचं अप्रूप. आणि एवढं फिरून ते आपल्या दारात परत आलं तेव्हा आपण आपलंच पोर ओळखलं नाही, पाहुणं समजून आल्बिकोक्का म्हणू लागलो. म्हणजे विहीणबाईही बरोबर आणि मीही बरोबर. भर बाजारात मी एकटाच हसत होतो.

घरी येऊन तुझ्या डॉक्टरांचा शब्द काढला. 'प्रेमातुरो'. बाळाच्या पेटीवर तोच लिहिलाय ना? जन्मभर शिकवला, पण कधी नीट ऐकला नव्हता. तोही फळांचाच शब्द. आधी पिकलेला. कच्चा नव्हे, मारिनेल्ला. कच्च्याला लॅटिनमध्ये वेगळा शब्द आहे, आणि तो कुणीही त्याच्या पेटीवर लिहिलेला नाही. मला भीती वाटली की मी शब्दांत डोकं खुपसतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. हे दोन आठवडे मी फार घाबरलोय. आज पहिल्यांदा जरा कमी.

आता खरं सांगतो. आज सकाळी विहीणबाईंनी अबोला मोडला. फोनवर रडत होत्या. म्हणाल्या, "अहो मास्तर, डॉक्टर सांगतात पोर आता आपला आपण श्वास घेतंय. तरी ही त्याचं नाव ठेवत नाही हो. म्हणते, नाव ठेवलं आणि गेला, तर मग हाक कुणाला मारू?" त्यासाठी हे सगळं लिहिलं. पुढच्या रविवारी मी येतोय, पहिल्या जर्दाळूंची करंडी घेऊन, अर्धी विहीणबाईंची. तुमच्या वॉर्डाच्या दाराशी नर्स मला विचारेल, कुणाला भेटायचंय. माझं नाव ठेवू नकोस, त्या इवल्या जिवाला ते पेलायचं नाही. पण कुठलं तरी ठेव. दारात उभं राहून मला ते सांगता आलं पाहिजे.

तुझाच,
आल्बेर्कोक बाबा