झोपेत गेलेल्या ट्रकचे ब्रेक

२ मार्च, रविवार
टायरवाल्याने फुकट दिलेली डायरी. कपाटात पडून होती, आजपासून लिहिणार. माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर बरं आहे आणि वाचणारं कुणी नाही.

कारण असं. मागच्या अंगणात मामंजींचा ट्रक उभा आहे. घराखालच्या उतारावर ब्रेक गेले त्या दिवसापासून उभा. ह्यांनी कठड्याला घासत घासत थांबवला, स्वतः वाचले, डावा पाय आखडला तो आखडलाच. तेव्हापासून हे गिरणीत पीठ दळतात आणि गाडीकडे बघतसुद्धा नाहीत. घाबरट झालेत, दुसरं काय.

आता मोठीने ट्रकचं लायसन्स काढलंय. मोठी म्हणजे आमची एकुलती एक. धाकटी झालीच नाही, पण नाव पडून गेलं. तिला लांबच्या शहरातली एक कंपनी ड्रायव्हर म्हणून घ्यायला तयार आहे. मी म्हटलं, घरात ट्रक असताना दुसऱ्याचा कशाला? ती म्हणाली, आई, तो ट्रक नाही, कोंबड्यांचं घर आहे. मी म्हटलं, चालवून दाखवते. तर म्हणाली, महिनाअखेरीला माल भरून हा उतार उतरला आणि नाक्यावर पोचला, तर मी कंपनीला नाही म्हणून कळवते. नाहीतर बॅग भरते.

ठरवलं: वीस तारखेच्या आत गाडी रस्त्यावर. पोरगी घरात.

४ मार्च
फिटर आला. कोंबड्या हाकलल्या. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि टोपी काढली. म्हटलं, टोपी कशाला काढतोस, मेलंय का कुणी. तो म्हणाला, इंजिन जिवंत आहे, बाई. बाकीच्यांसाठी काढली.

ब्रेकचं सगळंच बदलायचं. नवीन मिळत नाही, ही गाडी बनायची कधीच बंद झाली. भंगारातून आणावं लागेल.

बॉनेटमधून पाल निघाली. मी ओरडले नाही. फिटर म्हणतो ओरडले. त्याचे कान इंजिनांनी गेलेत.

७ मार्च
भंगाराच्या आवारात गेलो. ट्रक रांगेने उभे. कुणाचं तोंड आत गेलेलं, कुणाला छप्परच नाही. एकाच्या केबिनमध्ये चप्पल होती. एकच. मला उन्हाने चक्कर आली, खाली बसले. आभाळ भरलेलं होतं, पण ढगामागे ऊन असतंच.

भंगारवाल्याने ब्रेकचे ड्रम काढून दाखवले. जाड, घट्ट, चकचकीत. विचारलं, ही गाडी कशाने गेली? म्हणाला, समोरून धडक बसली, पण मागचं सगळं नवंकोरं आहे. मी म्हटलं, ठेव तुझ्याजवळ. अपघातातल्या गाडीचा खिळासुद्धा आमच्या गाडीला लागणार नाही, माझी पोरगी बसायचीय तिच्यात. म्हातारपणाने गेलेली गाडी असेल तर बोल.

फिटरने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मिटलं.

१० मार्च
भंगारवाला हुशार. आता विचारायच्या आत सांगतो. हा झोपेत गेला. हा दम्याने. ही मालकाच्या दारात गेली, पोराबाळांच्या देखत, अंगावर ओरखडा नाही. मी ड्रम घेतले, लायनर घेतले, पाइप घेतले, ब्रेकचा पंप घेतला. एकेक वस्तू शांत मरणाची.

फिटर सबंध रस्ताभर सामानाकडे पाठ करून बसला. माझ्या पारखीवर जळतो.

१४ मार्च
जेवताना ह्यांनी विचारलं, ब्रेक कुठून आणलेस. सांगितलं, म्हाताऱ्या गाड्यांचे. हे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, ठसका लागेपर्यंत. भीती पोटात असली की माणूस असंच हसतो. मी पाणी दिलं. ह्यांची भीती मोडावी म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. माझं काय आहे त्यात.

१८ मार्च
इंजिन सुरू झालं. अंगण हाललं, खिडक्या वाजल्या, कोंबड्या कुंपणावर चढल्या. मी स्वयंपाकघरात गेले, दूध उतू जाईल म्हणून. तिथे गेल्यावर कळलं की दूध ठेवलेलंच नव्हतं.

मोठी आत येऊन म्हणाली, आई, दार उघड. दाराला आतून कडी कशी लागली कोण जाणे. जुनी कडी आहे. फिटर आहेच, तीही बदलून घेईन.

१९ मार्च
ट्रायल. गाडी जागची हलेना. इंजिन नुसतं कण्हतंय. फिटर म्हणाला क्लच. दिवसभर गाडीखाली पडून क्लच उघडला, पुसला, परत लावला. तरी हलेना. संध्याकाळी चहा घ्यायला पलीकडच्या बाजूने बाहेर सरकला, तर डोकं दगडावर आपटलं.

त्याचं असं आहे. मामंजींची शिस्त होती, गाडी थांबली की चाकाखाली दगड. त्यांचा ठेवणीतला दगड आहे, काळा, धरायच्या जागी गुळगुळीत झालेला. गाडी सुरू होणार म्हटल्यावर मी तो लावला. मग म्हटलं, एकाने काय होतंय. म्हणून बाकीच्या चाकांनाही लावले, पुढून आणि मागून. आतल्या बाजूने, वर गोणपाट टाकून, दिसायला बरं दिसत नाही म्हणून.

फिटर डोकं चोळत म्हणाला, बाई, सकाळी बोलायचं होतं. मी म्हटलं, तू विचारलंस का?

वीस तारीख जमत नाही. फिटर फार हळू काम करतो.

२२ मार्च
आज लिहायचं नव्हतं.

दगड काढले. मोठी बसली. गाडी अंगणातून निघाली. मोठीने ब्रेक दाबला. दार उघडं होतं, मला तिचा पाय दिसला. पाय पार खाली टेकला आणि गाडी चालतच राहिली. जोरात नाही, माणूस चालतो तेवढीच. मी शेजारून चालत होते. बॉनेटला हात लावून, थांब, थांब म्हणत होते, बैलाला म्हणावं तसं. मोठीने परत दाबला. परत खाली. अंगणाच्या कडेला भिंत आहे, भिंतीपलीकडे उतार. खुराडं मोडलं, पाण्याचं पिंप गेलं, मग भिंतीला टेकून गाडी बंद पडली. भिंत टिकली. एक वीट खाली गेली. ती उतारावरून गडगडत गेलेली ऐकू आली, खूप वेळ.

मोठी उतरली. हसत होती. मी तिच्या थोबाडीत मारली. मग तिच्या गालावरची धूळ पुसली. हात धुळीसाठीच उचलला होता.

आता फिटरला कंठ फुटला. म्हणाला, बाई, म्हातारपणाने गेलेल्या गाडीचे ब्रेकही म्हातारेच असणार. झिजून झिजूनच गेली ना ती. ऐन उमेदीत गेलेलीचं सामान चांगलं. मी म्हटलं, हे त्या दिवशी बोलायला काय झालं होतं? म्हणाला, तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

२४ मार्च
मोठीने बॅग काढली. मी म्हटलं, जा. कंपनीच्या गाड्या नव्या असतात, ब्रेक नवे असतात. माझी काही हरकत नाही. तिला डबाबिबा काय द्यायचा ते ठरवत बसले. तो रस्ता कसा आहे म्हणून सहज विचारलं. म्हणाली, डोंगरातून जातो, आई. अख्खा दिवस वळणंच वळणं.

फिटरला फोन केला. तो म्हणाला, मला वाटलंच.

२५ मार्च
परत भंगार. तीच समोरून धडक बसलेली गाडी. भंगारवाला लगेच म्हणाला, ही दम्याने गेली. मी म्हटलं, खरं बोल. ड्रायव्हरचं काय झालं? तो फिटरकडे बघायला लागला. फिटर आभाळाकडे. मग म्हणाला, चालत बाहेर आला, बाई, शपथ. चहा मागितला त्याने.

परत विचारलं नाही. चहा मागितला म्हणजे बराच असणार.

ड्रम टेम्पोत मागे टाकू दिले नाहीत. घरापर्यंत मांडीवर धरून बसले. हलत होते. फिटर म्हणाला, ड्रम हलत नाहीत, बाई, तुम्ही हलताय. टेम्पोचा दोष.

२९ मार्च
गाडी अंगणात जागच्या जागी थांबते. मोठी दाबते, गाडी थांबते. मी म्हटलं, परत. थांबली. परत. थांबली. दुपारपर्यंत परत परत. शेवटी फिटर म्हणाला, बाई, हे ब्रेक धडकेत टिकले, ते तुमच्या परत परतमुळे झिजतील.

परवा उतार. शेजारी मी बसणार, हे पक्कं. मोठी एकटी नको. ह्यांना सांगितलं, तुम्ही गिरणीतच थांबा, तुम्हाला झेपणार नाही, घाम फुटेल. हे म्हणाले, बरं. बिचारे. किती घाबरतात.

३१ मार्च, सकाळी
गाडीत पिठाची पोती भरली. मी केबिनमध्ये बसले. डोळे मिटले, कारण समोरून ऊन येत होतं. पुढची दांडी घट्ट धरली. उतार लागलेला जाणवला, वळणं जाणवली, एका वळणावर तर मोठीच्या बाजूला कलले. बऱ्याच वेळाने विचारलं, नाका आला का? मोठी म्हणाली, आई, अजून किल्ली फिरवली नाही.

मग आठवलं, दगड कोण काढणार? कुणीतरी काढायला हवेच. उतरले. एकेक काढला. शेवटचा मामंजींचा. त्याच्यासाठी वाकले आणि तिथेच राहिले. कंबर धरली. मोठी वरून हाका मारतेय, आई, निघाला का. मी म्हणतेय, निघतोय.

हे गिरणीतून आले. केसांवर, भुवयांवर पीठ. आखडलेला पाय लांब करून माझ्याशेजारी खाली बसले आणि म्हणाले, हात काढ. मी म्हटलं, हात कुठे आहे? माझा हात दगडावर होता. धरला नव्हता, नुसता टेकवला होता. ह्यांनी माझं एकेक बोट उचललं. दगड काढून माझ्याच हातात दिला, सांभाळ म्हणाले. मग दांडीला धरून, पाय ओढत वर चढले आणि माझ्या जागेवर बसले. मोठीला म्हणाले, उतारावर ब्रेकवर जायचं नाही, आधीच खालचा गिअर टाकायचा. मी सांगतो तेव्हा.

गेले.

मी घरी थांबले. घर उघडं टाकून कसं चालेल? भिंतीपाशी गेले नाही. तिथून उतार दिसतो.

त्याच दिवशी, नंतर
मामंजी खाली नाक्यावर पोचले की दोनदा हॉर्न वाजवायचे. घरात कळायचं.

एक वाजला. मग काही नाही. फिटर दारात उभा होता. मी कोंबड्या मोजल्या, चुकल्या. परत मोजल्या. मग दुसरा वाजला.

फिटर म्हणाला, हॉर्नची वायर सैल आहे, बाई, राहूनच गेलं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

जिंकले. मोठी कंपनीला नाही म्हणून कळवणार. इथेच राहणार, ह्याच गाडीवर. म्हणजे उद्या परत उतार. परवा परत. रोज सकाळी उतार आणि रोज दुसऱ्या हॉर्नपर्यंत थांबायचं. हे मला आधी कुणी सांगितलं नाही.

उद्यापासून मी शेजारी बसणार. उद्या नाही, उद्या घरात कामं आहेत.

दगड अजून मांडीवर आहे. जड आहे. ते दोघं आले की खाली ठेवेन.