पूजलेली बंदूक आणि नसलेला नियम

मंगळवार, ३० सप्टेंबर. आश्विन शु. अष्टमी. कॅल्गरी.
जिच्या कृपेने थरथरत्या हातातूनही अक्षर सुबक उतरते, त्या जगदंबेला प्रथम वंदन. तिच्याच कृपेने आजचा पाठ एका बैठकीत पूर्ण झाला. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही.
उद्या खंडेनवमी. पाटावर मांडायच्या वस्तूंची यादी सूनबाईने फ्रिजवर लावली आहे. माझ्या मुलाचा, श्रीरंगाचा लॅपटॉप, तिचा मिक्सर, बर्फ उपसायचे फावडे, माझे पेन. तळाशी माझ्या अक्षरात: गार्गीची बंदूक.
या घरात अंडेही शिजत नाही आणि नात निघाली नेमबाज! अर्थात ती फोडते त्या मातीच्या तबकड्या. येत्या रविवारी प्रांताच्या संघाची शेवटची निवड आहे. गा. डावखुरी, दुनळीचा दस्ता तिच्या खांद्याच्या मापाने घडवून घेतलेला. दुसऱ्याची बंदूक तिच्या हाती बसत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर. नवमी.
पूजा यथासांग झाली. गा.ने पेटीतून बंदूक काढली, उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच मलाही दाखवली. "आजोबा, ऑलवेज चेक." हे तिचे आचमन. मला फार आवडते.
दस्त्याला हळदकुंकू लावले, नळीला झेंडूची माळ घातली. बंदूक आमच्याकडे ठेवता येत नाही. तिचे कुलपाचे कपाट तिच्या गावी, तासाभराच्या वाटेवर. निघताना ती पेटी उघडू लागली. मी हात धरला. पूजलेले शस्त्र दशमीला उद्वासन होईपर्यंत झाकायचे नाही.
"आजोबा, पेटीत ठेवू या ना. इट्स लीगल, पण लोक घाबरतात."
"पोथीत सांगितले आहे, बाळ."
तिने पेटी मिटली. मागच्या सीटवर तांबडा खण अंथरून त्यावर बंदूक निजवली. मी सोबत निघालो. ऊन छान होते.
तिच्या गावाच्या अलीकडे पोलिसाने गाडी थांबवली. मागचा एक दिवा बंद होता, एवढेच कारण. मग त्याची नजर मागच्या सीटवर गेली.
"इज दॅट ब्लड?"
"कुंकू आहे," गा. म्हणाली आणि मग इंग्रजीत समजावले. मीही सांगितले की आज आम्ही उपयोगाच्या सर्व वस्तू पूजतो, घरी फावड्यालाही माळ आहे. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी पुढचे निरूपण आवरले.
त्याचे म्हणणे, चापाला कुलूप नाही, बंद पेटी नाही, वाहतुकीचे परवानगीपत्र नाही. गा.ने परवाना दाखवला. म्हणाली, "ते सगळं पिस्तुलाला लागतं, ऑफिसर. ही साधी दुनळी आहे. नेताना रिकामी असली की पुरे."
"सगळ्या बंदुकांना एकच कायदा, मॅम."
तिने गाडीच्या समोरच्या कप्प्यातले नियमांचे पुस्तक पुढे केले. त्याने ते हातातही घेतले नाही.
बंदूक गेली, माळेसकट. पावती मिळाली. परवान्याचा फेरविचार व्हावा असे वर कळवतो, असेही म्हणाला. हा सर्व वेळ गा. दोन्ही हात त्याला दिसतील असे स्टीअरिंगवर ठेवून बसली होती. मला ते हात पाहवेनात.
पण आवाज चढला नाही, कुणाला इजा झाली नाही. देवीने सांभाळले.

गुरुवार, २ ऑक्टोबर. विजयादशमी.
आपटा येथे कोठून आणणार? अंगणातील पिवळी पाने एकमेकांना दिली, सोने म्हणून. श्रीखंड उत्तम झाले होते.
सूनबाई वाढता वाढता म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी माझा मिक्सर मिरवा. तो कुणी जप्त करणार नाही."
हसलो. श्रीखंड मात्र दुसऱ्यांदा घेतले नाही.
गा.चा सायं. फोन. मैत्रिणीच्या बंदुकीने सराव केला. पंचवीस तबकड्यांपैकी नऊ फुटल्या. स्वतःच्या बंदुकीने तेवीसच्या खाली क्वचित येते. ठाण्यावरून काही कळले नाही. मी विचारले, रागावलीस का?
"तुमच्यावर नाही, आजोबा."
हे 'तुमच्यावर नाही' तेव्हापासून कानात…

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. एकादशी.
उपवास. सकाळी तिन्ही पूजाग्रंथ काढून बसलो. शस्त्र पुसावे, मांडावे, गंधपुष्प वाहावे, दुसऱ्या दिवशी उद्वासन करावे. सर्व सापडले. झाकू नये, हे कोठेच नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नाही.
अमरावतीला आक्काला फोन लावला. वय चौऱ्याऐंशी, स्मरण माझ्याहून लख्ख.
"आक्का, बाबांची तलवार नवमीला दिवसभर उघडी का ठेवायचो आपण?"
"अरे बाब्या, म्यान फुगलं होतं! एकदा बाहेर काढली की आत जातच नसे. दशमीला शेजारचे लोहारकाका येऊन ठोकून बसवायचे. तुला आठवत नाही?"
"मला वाटले, नियम आहे."
"कसला नियम? बाबा तर शिव्या घालायचे त्या म्यानाला."
फोन ठेवला. सत्तर वर्षे मी हा नियम सांगत आलो. विद्यार्थ्यांना सांगितला, मुलाला सांगितला, परवा नातीला सांगितला, तोही पोथीचे नाव घेऊन. कधी पान उघडून पाहिले नाही.
त्या पोलिसाने पुस्तक हातात घेतले नाही म्हणून मला राग आला होता.
गा.ला फोन करून सर्व सांगितले. मग ती अशी हसू लागली की मलाही आवरेना. "सो यू अँड दॅट कॉप, आजोबा! सेम टीम!" मग हळूच, "पण तुम्ही बघितलंत. अँड यू कॉल्ड मी."

शनिवार, ४ ऑक्टोबर. द्वादशी.
पारणे लवकर उरकले. स. ९ वाजता ठाण्यावरून गा.ला फोन आला: येऊन बंदूक घेऊन जा. श्रीरंगाने मला तिच्याकडे सोडले. आम्ही दोघे गेलो.
तोच अधिकारी बाहेर आला. टोपीविना तर कालपरवा कॉलेज संपवलेला दिसतो. म्हणाला, "मी काल कायदा नीट वाचला. तुमचे बरोबर होते. माझी चूक झाली. आय अ‍ॅम सॉरी, मॅम."
गा. म्हणाली, "थँक यू." बंदूक हाती घेऊन आधी उघडून पाहिली.
मग त्याने एक कागदी पिशवी आणली. वर नोंद: एक माळ, नारिंगी फुले. प्लास्टिकमध्ये कुजतील म्हणून कागदात ठेवली, म्हणाला. फेकलेली चालतात की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले की हे निर्माल्य, झाडाच्या मुळाशी ठेवले तरी चालते. त्याने ठाण्यामागचा स्प्रूस दाखवला. आम्ही दोघांनी मिळून ठेवले. मी नमस्कार केला. तो टोपी नसूनही टोपी काढल्यासारखा उभा राहिला.
परत येताना गा. तक्रार करण्याचे बोलू लागली. मी म्हटले, आता तक्रार कशाला? त्याने पुस्तक उघडले, चूक कबूल केली.
गा.ने गाडी बाजूला घेतली. "आजोबा, माझ्याकडे परवाना होता, पुस्तक होतं, इंग्लिश होतं. तरी गेली. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याचं काय? आणि माझ्या परवान्याचं पत्र वर गेलंय. ते मागे घेतल्याचा कागद कुठे आहे?"
क्षमा केली म्हणजे नोंद खोडावी, असेही कोणत्या ग्रंथात वाचल्याचे आता खात्रीने सांगवत नाही.
ठरले ते असे. तक्रार ती लिहील, रविवारनंतर. माळेची गोष्ट मी लिहीन, त्याच कागदावर. दोन्ही खरे आहे.
बंदूक पेटीत गेली. पेटी मीच बंद केली.

रविवार, ५ ऑक्टोबर. त्रयोदशी.
नेमबाजीचे मैदान. सकाळचे दव गोठलेले, ऊन लख्ख. घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यावर शाल, थर्मासात आल्याचा चहा. दर तबकडी फुटली की नारिंगी धूळ उडते. झेंडू उधळल्यासारखी दिसते.
तक्रारीचा कागद पिशवीत आहे. माझा परिच्छेद झाला, गा.चा अद्याप कोरा. परवान्याचे पत्र कुठवर गेले, कळलेले नाही.
दस्त्याच्या सांध्यात थोडे कुंकू राहिले आहे. पुसून देऊ का, विचारले. "राहू दे, आजोबा. ते कुठल्याच नियमात नाही." आणि डोळा मिचकावला.
तिचे नाव पुकारले. बंदूक उघडली, आत पाहिले, मान वळवून मला दाखवली. रिकामी. मग काडतुसे भरून डाव्या खांद्याला लावली.
इथेच थांबतो. तिच्याकडे पाहायचे आहे.
ज्यांच्या हाती ही पाने पडतील त्या सर्वांचे हात स्थिर राहोत. ज्यांना इतरांना नियम सांगायचे आहेत त्यांना ते आधी वाचण्याची उसंत मिळो; चुकलेल्यांना परत येऊन तसे सांगण्याचे धैर्य मिळो; आणि ज्यांच्यावर ती चूक ओढवली त्यांची झोप देवी अबाधित ठेवो.