टाचेचं रक्त

बोरगाव मेघे, वर्धा
दि. १२ जानेवारी २०२५

प्रिय दीपा,

सप्रेम जय भीम. इकडे थंडी कडक आहे, आत्याचे गुडघे धरलेत. सचिनचं कापसाच्या जिनिंगचं काम जोरात असेल. तू पाय वर घेऊन बसत जा, बाळंतपणाला आता तीनच आठवडे राहिले. फोन केला असता, पण या घरात स्पीकर लावल्याशिवाय बोलणं होत नाही.

रत्नू आठ महिन्यांचा झाला. अजून बसत नाही.

नामकरणाला आत्या म्हणाली होती, आठवतं? "कोनावर गेलं व हे? एवढं गोरं आपल्या खानदानात कोनी नाई." गल्लीभर पेढे वाटले. जन्मभर काळी म्हणून ऐकलेली मी, आणि माझ्या मांडीवर भुऱ्या केसांचं पोर. किती मिरवलं मी, काय सांगू. लंगोटांना कुबट वास यायचा, तो साबणाने घालवत राहिले.

मंगळवारी डॉक्टरांनी सांगितलं. दुधाडाळीत फेनिलॲलनिन नावाचा घटक असतो. आपलं शरीर त्याचं टायरोसिन करतं, त्यातून कातडीचा रंग बनतो आणि मेंदूत निरोप नेणारी रसायनंही. रत्नूच्या शरीराला ते जमत नाही. ते फेनिलॲलनिन तसंच साचत जातं आणि मेंदूला इजा करतं; लंगोटांचा वासही त्याचाच. तो गोरा नव्हता गं, त्याचा रंगच बनत नव्हता. आणि आत्या ताकदीसाठी दोन्ही वेळा वरणाचं पाणी पाजत होती.

आता खास पावडर सुरू आहे. गेलेलं किती परत येईल, डॉक्टर सांगत नाहीत. मला फार भीती वाटते.

अजून एक आहे, ते अश्विनलाही माहीत नाही. जन्मल्यावर रत्नूच्या टाचेचं रक्त घेतलं होतं. दहाव्या दिवशी फोन आला, परत तपासायला आणा. दुसऱ्या दिवशी नामकरण होतं. मी हो म्हटलं आणि गेले नाही. पुन्हा आला तो फोन मी कापला. एवढ्या देखण्या पोरात कोणी खोट काढलेली मला नको होती.

आपण दोघी बहिणी आत्याच्याच दोन मुलांना दिलेल्या, मी अश्विनला, तू सचिनला. हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच होतो, म्हणून तुझ्या बाळालाही होऊ शकतो. बाळ कसल्याही रंगाचं असो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाचेचं रक्त द्या. बोलावलं तर त्याच दिवशी जा. वेळेत कळलं तर पोर नीट वाढतं.

हे पत्र सचिनला वाचायला दे. तो अश्विनला सांगेल, मग आत्याला कळेल. कळू दे. माझ्या तोंडून निघत नाही.

तो फोन कापणारी,
तुझी ताई
नंदिनी