जिवंत असल्याची खूण

५ जानेवारी
द्रोणागिरीत खोली मिळाली. दोन खिडक्या, पाणी भरपूर. लेकीने, संघमित्राने, सामान सोडायच्या आधी बुद्धांची तसबीर लावली. आईचा फोटो कुठे लावायचा यावरून माझ्याशी भांडली आणि जिंकली. तिचं नर्सिंगचं कॉलेज नेरूळला, येणं-जाणं सोयीचं पडेल.

काम मनाजोगं आहे. एका खाजगी संग्रहालयासाठी जुने ग्रीक आणि लॅटिन शिलालेख बोटीने आलेत, सध्या इथल्या गोदामात आहेत. मी ठसे घ्यायचे, गीतांजली मॅडमनी वाचायचे. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांत उतरवायचा, वाळला की सोलून काढायचा. आयुष्यभर लेण्यांमध्ये मी हेच केलं. लिपी बदलली, एवढंच. गेटवरच्या धनेशने विचारलं, काका, दगरं धुवाला आलाव काय? आमचे घरची कापडं पन हायेत. दिवसभर हसू येत होतं.

९ जानेवारी
आज एका रोमन कुटुंबाच्या थडग्याचा दगड घेतला. नावांची रांग, खाली बरीच कोरी जागा. मॅडम म्हणाल्या, घरातले काही जण हयात असतानाच असे दगड कोरून घेत. नावाआधी व्ही असेल तर माणूस जिवंत. गेला की पाथरवट गोल कोरून त्यात आडवी रेघ मारायचा. ग्रीकांच्या ‘मरण’ या शब्दाचं ते पहिलं अक्षर. या दगडावर सगळ्यांना गोल मिळाले, फक्त शेवटच्या फौस्ता नावाच्या मुलीचा व्ही तसाच आहे. तिच्यासाठी पाथरवट बोलवायला कोणी उरलं नसेल.

आमच्या गावच्या विहारात दानदात्यांच्या फरशीवर असंच करतात. दाता गेला की नावाआधी ‘कालकथित’ कोरायचं, म्हणजे पुण्यानुमोदनाला आपल्या पुण्याचा वाटा त्याच्या नावाने देता येतो. अस्मिताच्या नावाआधी ते मीच कोरलं. बायको गेल्यानंतर मला पहिली झोप लागली ती त्याच दिवशी.

फौस्ताचं कोणी केलं नाही. दोन हजार वर्षं अडकून पडली पोर.

१० जानेवारी
जुन्या दगडाला ओरखडा काढायचा नाही हा माझा नेम. पण कागद ओला असताना फौस्ताच्या नावाआधी ब्रशच्या दांड्याने गोल दाबला आणि आत आडवी रेघ ओढली. त्रिसरण-पंचशील म्हटलं. तिच्या नावाने पुण्यानुमोदन केलं. गोदामात कोणीतरी निःश्वास सोडल्यासारखं वाटलं. फार बरं वाटलं.

१५ जानेवारी
कंत्राटाप्रमाणे त्याच दगडाचा दुसरा ठसा घेतला. फौस्ताआधी गोल उमटला. दगडावर बोट फिरवलं तर तिथे व्हीच लागतो. शिवाय खालच्या कोऱ्या जागेत, दगडावर काहीच नसताना, कागदावर एक पुसट ओळ आली.

घरी आलो तर संघमित्रा सांगत होती, बाबा, वर्गात मला तोंडावर कुणी ओला कागद चिकटवून वर ठोकतंय असं वाटलं, श्वासच घेता येईना. मैत्रिणी हसल्या म्हणे. मी हसलो नाही.

१८ जानेवारी
मॅडमना ठसा दाखवला. त्यांनी ती ओळ अक्षर अक्षर लावून वाचली आणि गमतीने विचारलं, सुभाषराव, लेकीचं नाव कोरलंत की काय? आधी व्ही आहे.

मी कोरलं नाही म्हटलं. त्यांनी विषय बदलला.

२१ जानेवारी
संघमित्रा जेवत नाही. भूक नाही, झोप नाही, थकवाही नाही. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. पण तिचा हात गार पडलाय, आणि गालावर बारीक दाणे उठलेत, घासलेल्या दगडासारखे.

मला कळलं. त्या दगडाला एक जिवंत माणूस लागतं. मी फौस्ताला सोडवलं. त्याने माझी—

२३ जानेवारी
ठशात तिची ओळ उमटते त्या जागी, ती खरवडायला, दगडावर छिन्नी टेकवली. नुसती टेकवली. फोन वाजला. कॉलेजातून. संघमित्राच्या नाकातून रक्त.

तिच्या नावाआधी गोल काढला तर ती मरेल. नाही काढला तर फौस्तासारखी— ती कधीच—

मॅडमना म्हटलं, दगड परत पाठवा. त्या म्हणाल्या, सुट्टी घ्या, मुलीला नीट दाखवा. मी पाया पडलो. त्या घाबरून मागे सरकल्या.

२४ जानेवारी
आज ती दिवसभर खिडकीपाशी उभी होती. बाबा, माझ्या पापण्या लवत नाहीत, म्हणाली. रडता पण येत नाहीये.

भगवंता, मी दयाच केली होती.

२५ जानेवारी
कोरलं. ज्या हातांनी कधी जुना दगड दुखावला नाही, त्या हातांनी. तिच्या ओळीच्या जागेला स्पर्श न करता, खाली. आधी व्ही. मग माझं नाव, त्यांच्या अक्षरांत. तिच्याऐवजी मी.

मॅडमनी पाहिलं. रागावल्या नाहीत, रडल्या. उद्यापासून येऊ नका. धनेशने गेटपर्यंत हात धरून आणलं, म्हणाला, काका, घरी जा, पोरगी वाट बगत आसंल.

संघमित्राने चहा मागितला. दोन वेळा. खारी पण हवी म्हणाली.

२७ जानेवारी
ती जेवते, घोरते, चिडते. सकाळी डब्यावरून मला बोलली. किती गोड बोलली.

मला भूक नाही. हात गार.

सगळं अनित्य आहे, हेच लहानपणापासून म्हणत आलो. सगळं विझतं, हाच आधार होता. आता मी—

२८ जानेवारी
धनेशचा फोन आला होता. दगडाची खराबी नोंदवायला मॅडम आज स्वतः ठसा घेणार. त्यांना फोन लावला. उचलत नाहीत.

संघमित्रा, बाळा, विहारात सांग. माझ्या नावाआधी कालकथित कोरायचं नाही. कधीच नाही. माझ्या नावाने पुण्यानुमोदन नाही. तुला दया येईल. येऊ दे. तरी गोल काढू नकोस, कारण मग त्या दगडाला पुन्हा एक जिवंत—

गाल ओला झाला.

ठोकतायत. हळू, नीट, मी शिकवलं तसंच. आता डोळ्यांवर— कागद ओठांव